बॉबी (नागपूर परिसरातील लोकस्मृती)

बॉबी : राज कपूर दिग्दर्शित हिंदी चित्रपट (प्रदर्शन २८ सप्टेंबर १९७३). या चित्रपटावरून, किंवा त्यावरूनच आली असे समजून, नागपूर व विदर्भात काही वस्तूंना पडलेली नावे आणि त्यांभोवतीच्या आठवणी यांचाही या नोंदीत विचार केला आहे. कथानक सर्वपरिचित आहे. धनाढ्य नाथ कुटुंबाचा मुलगा राजा आणि जॅक ब्रगांझा या कोळ्याची मुलगी बॉबी यांचे प्रेम जमते, वडीलधारे विरोध करतात, दोघे पळून जातात आणि शेवटी समेट होतो. बॉबी हे नायिकेचे नाव आहे. ते नायकाचे असल्याचा समज ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यात आजही आढळतो, आणि अशांची संख्या आता मोठी आहे.

ऋषी कपूर (जन्म १९५२) आणि डिंपल कपाडिया (जन्म १९५७) यांचा नायक-नायिका म्हणून हा पहिला चित्रपट. डिंपल प्रदर्शनाच्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या आणि त्याच वर्षी मार्चमध्ये राजेश खन्ना यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. कथा-पटकथा ख्वाजा अहमद अब्बास व वि. पी. साठे यांची, संवाद जैनेंद्र जैन यांचे, छायालेखन राधू कर्मकार यांचे. बॉबीच्या आजीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या, आणि मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना चित्रपट चालवून घेण्यास तेवढे कारण पुरत असे, असे गमतीने सांगितले जाते.

कथेच्या उगमाविषयी तीन हकिकती प्रचलित आहेत. पहिलीनुसार कपूर यांना आर्ची या अमेरिकी चित्रकथांची आवड होती आणि ‘प्रेमात पडण्याचे हे वय नव्हे’ असे ऐकावे लागणारी मुले त्यांना तेथे सापडली. दुसरीनुसार १९७० साली ‘मेरा नाम जोकर’ पडल्यावर डोक्यावर कर्ज झाले, मोठा नट परवडेना, म्हणून घरचाच मुलगा उभा करण्यात आला. ऋषी कपूर यांनी २०१७ मधील आत्मचरित्रात ही बाजू स्पष्ट मांडली आहे : चित्रपट आपल्याला पुढे आणण्यासाठी नव्हे, तर देणी फेडण्यासाठी काढला गेला. तिसरी हकिकत एका प्रसंगापुरती आहे. दार उघडणाऱ्या बॉबीच्या केसांना पीठ लागते, ते राज कपूर व नर्गिस यांच्या पहिल्या भेटीवरून घेतले, असे मानतात. या तिन्हींत विरोध आहेच असे नाही. कर्जामुळे चित्रपट स्वस्तात काढावा लागला, स्वस्ताईमुळे नवी मुले आली, आणि नव्या मुलांसाठी चित्रकथेचा साचा सोयीचा ठरला, अशी संगती लावता येते. मूळ शेवट शोकान्त योजला होता व वितरकांच्या आग्रहाने तो बदलला, असेही सांगतात.

वितरकांचा उल्लेख आला की नागपूरचा संबंध सुरू होतो. हिंदी चित्रपटांच्या व्यवसायात देशाचे जे प्रदेश पाडले आहेत त्यांत एकाला ‘सी.पी. बेरार’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड) म्हणतात. विदर्भ, महाकोशल व छत्तीसगड हा त्याचा गाभा. मध्य प्रांत १८६१ साली स्थापन झाला व नागपूर त्याची राजधानी झाले. पुढे वऱ्हाड जोडले गेले, १९५० मध्ये नाव मध्य प्रदेश झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर राजधानीपणही गेले. शासकीय कागदांतून ‘सी.पी. बेरार’ लोपले, तरी चित्रपटांच्या व्यवहारात ते टिकले. या प्रदेशातील वितरकांच्या कचेऱ्या मुख्यतः अमरावती व भुसावळ येथे असत. भुसावळ हे खानदेशातले गाव, मध्य प्रांतात ते कधीच नव्हते. तरीही चित्रपटाच्या रिळांचे डबे रेल्वेने जात आणि भुसावळला मुंबईहून येणाऱ्या वाटा नागपूरकडे व इटारसीकडे फुटतात, हे लक्षात घेता निवड चुकीची वाटत नाही. राजधानीच्या शहराला चित्रपट अशा रीतीने तालुक्याच्या गावाकडून मिळत असे.

‘बॉबी’च्या श्रेयनामावलीत हा जुना प्रांत अनपेक्षितपणे हजर आहे. जॅक ब्रगांझाची भूमिका करणारे प्रेमनाथ हे कपूर यांचे मेहुणे आणि जबलपूरशी जोडलेले होते. तेथील एम्पायर टॉकीज त्यांच्या मालकीचे होते. ‘झूठ बोले कौवा काटे’ हे गीत लिहिणारे विठ्ठलभाई पटेल सागरचे. पुढे ते मध्य प्रदेशात मंत्रीही झाले. जबलपूर व सागर ही दोन्ही गावे १९५६ पर्यंत नागपूरच्या सचिवालयाच्या अखत्यारीत होती. यावरून ‘आपल्याकडचा पिक्चर’ असा दावा करणे अतिरेकी ठरेल, पण जुने नागपूरकर तो करतात.

संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. आनंद बक्षी यांच्याखेरीज विठ्ठलभाई पटेल व इंद्रजितसिंह तुलसी यांचीही गीते आहेत. गायक शैलेंद्र सिंग या चित्रपटातून पुढे आले आणि ‘बेशक मंदिर मस्जिद’साठी नरेंद्र चंचल यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘अखियों को रहने दे’ची चाल पंजाबी-राजस्थानी वळणाच्या गायिका रेश्मा यांच्या गाण्यावरून घेतली आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे गीत ‘ना माँगूँ सोना चाँदी’. त्याचे पालुपद ‘हांव सायबा पोलतडी वेतां’ या कोंकणी देखणीवर आधारलेले आहे. देखणी हा गोव्यातील नृत्यगीताचा प्रकार असून ही विशिष्ट देखणी कार्लुस एउजेनियु फेरैरा यांच्या नावे आहे. तिचा काळ सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा धरतात. त्यापूर्वीचे लोकरूप असावे असेही एक मत आहे, परंतु रचनेची सफाई पाहता एका रचनाकाराचे मत अधिक ग्राह्य वाटते. देखणीत पैलतीरी दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण नावाड्याला एकेक दागिना देऊ करते आणि तो प्रत्येक वेळी नको म्हणतो. हिंदी गीताची पहिलीच ओळ सोने-चांदी नाकारते. म्हणजे चालीबरोबर नावाड्याचा नकारही हिंदीत आला, ही गोष्ट सहसा कोणी नोंदवत नाही. नागपुरात, जेथे बाजारात हिंदी व घरात मराठी असा रिवाज आहे, या गाण्यातील ‘घे घे घे’ हे शब्द मराठीच म्हणून ऐकले गेले. लग्नाच्या वरातीतील बँडवर मात्र ‘झूठ बोले कौवा काटे’चीच चलती राहिली.

चित्रपटाचा सर्वांत टिकाऊ अवशेष म्हणजे मोटारसायकल. पळून जाताना राजा जी लहान चाकांची बुटकी गाडी चालवतो ती एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जीटीएस १७५. इंजिन १७३ सीसीचे, टू-स्ट्रोक, तीन गिअरचे. मूळ राजदूत १७५ ही पोलंडमधील एसएचएल एम-११ या गाडीवर बेतलेली होती. जीटीएसमध्ये तेच इंजिन लहान सांगाड्यात बसवले होते. कागदोपत्री ‘बॉबी’ असे नाव नव्हते, ते लोकांनी दिले. गाडी खास चित्रपटासाठी घडवली असे म्हणतात. उत्पादकाने आधीच तयार केलेल्या लहान गाडीला चित्रपटाने प्रसिद्धी दिली, हे मत अधिक संभाव्य दिसते, कारण सांगाडा बदलून इंजिन तेच ठेवणे हा कारखान्याचा हिशेब आहे, कलादिग्दर्शकाचा नव्हे. विदर्भात राजदूत म्हटली की मागे दुधाच्या कॅन बांधलेली मोठी गाडी डोळ्यांपुढे येते. जुन्या मेकॅनिकांच्या बोलण्यात म्हणून ‘साधी राजदूत’ आणि ‘बॉबी’ असा भेद असतो. १९८३ साली आलेली राजदूत ३५० ही सर्वस्वी वेगळी गाडी होय. आठवणी सांगताना तिची व बॉबीची गल्लत वारंवार होते.

ठिपक्यांच्या कापडास ‘बॉबी प्रिंट’ म्हणण्याचा प्रघात निःसंशय चित्रपटातून आला. नायिकेचा पोटावर गाठ मारलेला ठिपक्यांचा ब्लाउज त्याचे मूळ. सीताबर्डीच्या दुकानांत, म्हणजे नागपूरकरांच्या भाषेत बर्डीवर, आजही साडीच्या ठिपक्यांना हेच नाव सांगितले जाते, आणि सांगणाऱ्या मुलीने चित्रपट पाहिलेला असतोच असे नाही. बेतात बदल झाला : गाठ गेली, लांबी वाढली, ठिपके राहिले.

‘बॉबी पिन’चे तसे नाही. केसांच्या या चापाचा चित्रपटाशी संबंध जोडला जातो तो चुकीचा आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पाश्चात्त्य स्त्रियांत आखूड केसांची जी ‘बॉब’ पद्धत आली तिच्यावरून हे नाव पडले. चित्रपटापेक्षा ते निदान चाळीस वर्षांनी जुने आहे.

तिसरे उदाहरण वादाचे आहे. मैद्याच्या वा तत्सम पिठाच्या पिवळ्या पोकळ नळ्या तळून विकतात आणि लहान मुले त्या बोटांत अडकवून खातात. महाराष्ट्राच्या अनेक भागांत त्यांना ‘बॉबी’, अन्यत्र पोंगे किंवा नळ्या म्हणतात. हा शब्द चित्रपटावरून आला असे बहुतेकांचे मत. पुष्ट्यर्थ सांगितले जाते ते एवढेच की सत्तरच्या दशकात कशालाही हे नाव देत. दुसरी शक्यता विचारात घ्यावयास हवी. सूत गुंडाळण्याच्या नळीस ‘बॉबिन’ म्हणतात आणि हा शब्द गिरणीत व शिवणयंत्रावर सारखाच चालतो. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून होती. मुंबई, सोलापूर, खानदेश येथेही गिरण्या होत्या, त्यामुळे पोकळ नळीला बॉबिन म्हणणारी वस्ती राज्यभर पसरलेली होती. खाऊचा आकार हुबेहूब तोच आहे. चित्रपटाने आधीच तोंडात असलेल्या शब्दाचा शेवटचा ‘न’ घालवला, असे मानले तर दोन्ही मते जुळतात. ही उपपत्ती या नोंदीपुरतीच मांडली आहे.

दूरचित्रवाणीवरील एका प्रक्षेपणामुळे ‘बॉबी’ला राजकीय इतिहासातही जागा मिळाली. १९७७ च्या निवडणुकीपूर्वी दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. गर्दी घरी थांबावी म्हणून त्या रविवारी दूरदर्शनवर हा चित्रपट दाखवण्यात आला, तरीही सभा भरली आणि ‘बाबूने बॉबीवर मात केली’ अशा अर्थाचा मथळा गाजला. बाबू म्हणजे जगजीवनराम. सभेची तारीख काही लेखक ६ फेब्रुवारी, काही ६ मार्च देतात. त्या वर्षी दोन्ही तारखांना रविवारच होता, त्यामुळे वाराच्या आधारे निर्णय होत नाही. जगजीवनराम यांनी २ फेब्रुवारीला काँग्रेस सोडली होती. मथळ्यातील नवलाईचा सूर पाहता फेब्रुवारी अधिक सयुक्तिक वाटते. नागपूरला या सर्वाचा अनुभव वर्तमानपत्रापुरताच, कारण तेथे तेव्हा दूरदर्शन पोहोचलेले नव्हते. तेथे ‘बॉबी’ पाहावयाचा तर टॉकीजमध्येच.

‘टॉकीज’ हाच नागपुरी शब्द. ‘चित्रपटगृह’ छापण्यापुरते, ‘थिएटर’ अलीकडचे. शहराचा नकाशाही टॉकिजांनी आखलेला आहे : व्हेरायटी चौक, पंचशील चौक, सदरमधील लिबर्टी, महालातील राजविलास. पडद्यावरचे गेले तरी ऑटोवाल्याला पत्ता सांगताना हीच नावे चालतात. ‘बॉबी’च्या आठवणी या पत्त्यांना चिकटून येतात. कॉलेजला दांडी मारून पाहिलेला पहिला खेळ, स्टँडवर लावलेल्या सायकलींची रांग, ब्लॅकचे तिकीट, मध्यंतरातला समोसा आणि परतताना पानठेल्यावर लागलेले तेच गाणे, असा त्यांचा क्रम ठरून गेला आहे. कोणाची आठवण कोणाची म्हणून ओळखावी, असा प्रश्न पडावा इतक्या त्या एकसारख्या आहेत. मुलींच्या आठवणी वेगळ्या आहेत. त्यांत चित्रपटापेक्षा तो पाहावयास मिळालेली परवानगी, सोबत पाठवलेला धाकटा भाऊ आणि त्याला गप्प ठेवण्यासाठी दिलेली गोळी यांचा भाग मोठा असतो.

कुमारवयीन प्रेमाचा हा साचा हिंदीत पुढे दीर्घकाळ चालला. ‘लव्ह स्टोरी’ (१९८१), ‘बेताब’ (१९८३), ‘मैंने प्यार किया’ (१९८९) यांत श्रीमंत-गरीब किंवा वैरी घराणी, पलायन व वडिलांचा हट्ट हे घटक थोड्याफार फरकाने आढळतात. मराठीत नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) पळून जाण्यानंतरचे आयुष्य दाखवले आणि समेटाची वाट बंद केली. विदर्भातील प्रेक्षक दोन्ही चित्रपटांची तुलना करतात ती बहुधा शेवटावरून. पन्नाशीपुढचे ‘बॉबी’चा शेवट खरा मानत नव्हतेच, असे म्हणतात, मात्र तो त्यांनी पुनःपुन्हा पाहिला आहे.

ऋषी कपूर यांचे निधन ३० एप्रिल २०२० रोजी झाले. टाळेबंदीमुळे नागपुरातील सर्व टॉकिजांना तेव्हा कुलूप होते.