तेलाची पाचर: दोन लाख किलोमीटर धावलेलं इंजिन पुन्हा उभं करताना

"दोन लाख किलोमीटर झाले ना, मग इंजिन झिजणारच!" चोर्ला घाटात खडखडाट करून बंद पडलेली टर्बो गाडी ओढून गोव्यातल्या फोंड्याच्या गॅरेजात आणली की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हे म्हणतोच. मालकालाही ते पटतं. मग इंजिन उतरतं, बेअरिंग, पिस्टन रिंगा, गॅस्केट असा नवा संच येतो, बसतो, आणि पुष्कळदा तेच इंजिन थोड्याच महिन्यांत पुन्हा वाजू लागतं. कारण निदानच चुकलेलं असतं. टायर झिजतो, क्लच प्लेट झिजते, तसं क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग झिजत नाही. नीट चालणाऱ्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग हे दोन धातू सुरू होतानाचे आणि बंद पडतानाचे काही क्षण सोडले तर एकमेकांना शिवतच नाहीत.

पुरावा इंजिन उघडल्यावर समोरच असतो. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी पाच मेन बेअरिंग आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडांची चार बिग एंड बेअरिंग असतात. प्रत्येकाचे दोन अर्धे शेल (अर्धगोल धातूच्या वाट्या), म्हणजे एकूण १८. खडखडणाऱ्या इंजिनात बहुतेक वेळा एखाद्याच रॉडच्या शेलची जोडी काळी पडलेली, आतलं तांबं उघडं पडून चिरडलेली दिसते. बाकीचे बरेचसे शेल करडे, मऊ चमकेचे, धडधाकट. नुसत्या किलोमीटरने मारलं असतं तर एकाच रॉडवर घाला का पडावा?

त्या शेलवर भार किती येतो ते बघा. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. क्रँकच्या जर्नलचा, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचा, व्यास ५० मिलिमीटर धरला तर त्याचा पृष्ठभाग शेलच्या आत सेकंदाला सुमारे १६ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ५६ किलोमीटरने सरकतो. पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दोन हजार पटींहून जास्त असतं. पिस्टन, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो धरला, तरी तो क्षणभर एक टनाहून अधिक जोराने रॉडला ओढतो. टर्बो इंजिनात पेट्रोल पेटल्यावर सिलिंडरमधला दाब ८० बारवर (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) गेला, तर ८१ मिलिमीटरच्या पिस्टनवर चार टनांचा भार येतो. हे सगळं झेलायला जागा किती? ५० मिलिमीटर व्यास आणि २० मिलिमीटर रुंदी. हिशोब केला तर तेलाच्या थरावरचा सरासरी दाबच १०० ते ४०० बार निघतो.

इथे दुसरा गैरसमज भेटतो. लोकांना वाटतं, क्रँकला ऑइल पंप तोलून धरतो. पंपाचा दाब असतो तीन ते पाच बार! त्याने चारशे बार कसे पेलावेत? पंप फक्त तेल दारापर्यंत पोचवतो. क्रँकला उचलून धरणारा दाब क्रँक स्वतःच्या फिरण्यातून निर्माण करतो. यंत्रशास्त्रातली इतकी सुंदर गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

ती सापडली अपघातानेच. ब्रिटनमध्ये १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला तसं तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडू लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी त्याने दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि मापकाचा काटा २०० च्याही पुढे निघून गेला. १८८६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने यामागचं गणित मांडलं. आजही प्रत्येक इंजिनाचं बेअरिंग त्याच समीकरणावर आखलं जातं.

युक्ती अशी आहे. शेलचा आतला व्यास जर्नलपेक्षा किंचित मोठा असतो. ५० मिलिमीटरला साधारण ०.०५ मिलिमीटरची फट, म्हणजे प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भाराखाली जर्नल मध्यापासून सरकतो, त्यामुळे भोवतीची जागा एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळती होते, चंद्रकोरीसारखी. धातूला लागून असलेला तेलाचा थर धातूला चिकटूनच फिरतो आणि आपल्या श्यानतेमुळे, म्हणजे दाटपणामुळे, शेजारच्या थराला ओढतो. असं ओढलेलं तेल निमुळत्या जागेत कोंबलं जातं. तेल दाबून लहान होत नाही, मागे वळायला वाव नाही, बाजूंनी निसटायची वाट फार अरुंद. तेव्हा दाब चढतो आणि ही तेलाची पाचर जर्नलला शेलपासून दूर ठेवते. भर पावसात राष्ट्रीय महामार्ग ६६ वर साचलेल्या पाण्यात वेगात शिरलेल्या गाडीचा टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, तेही पाचरीचंच काम. मात्र तिथे पाण्याच्या जडत्वाचा वाटा मोठा, इथे श्यानतेचा. सर्वांत अरुंद ठिकाणी तेलाचा थर एक-दोन मायक्रॉनच उरतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

१९०४ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्डने हे सगळं एका अंकात बांधलं. श्यानता गुणिले फेरे, भागिले दाब, आणि याला जर्नलची त्रिज्या व फट यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचं. अंक मोठा असेल तर जर्नल मध्याजवळ तरंगतो, लहान झाला की कडेला टेकू लागतो. फट वर्गात आणि तीही छेदात आहे, हे ध्यानात घ्या: फट दुप्पट झाली की अंक चौथाईवर येतो. शिवाय बेअरिंगच्या बाजूंनी पंपाच्या दाबाने निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दुप्पट फटीला आठपट गळती. मेन बेअरिंगमधूनच क्रँकच्या भोकांवाटे रॉडला तेल जातं. मेन सैल झालं की रॉड उपाशी. राहिली श्यानता. फटीत एका बाजूला सेकंदाला १६ मीटर वेग आणि दुसरीकडे शून्य, अंतर २५ मायक्रॉन. म्हणजे कर्तन दर (तेलाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा दर) सेकंदाला सहा लाखांच्या वर. एवढ्या ओढाताणीत बहुश्रेणी (मल्टिग्रेड) तेलातले पॉलिमरचे लांब रेणू ताणले जाऊन तेल पातळ होतं. म्हणून १५० अंश सेल्सियसला आणि सेकंदाला दहा लाख कर्तन दराला मोजलेली श्यानता हाच खरा निकष. ५डब्ल्यू-४० तेलासाठी ती किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते, ५डब्ल्यू-३० साठी २.९.

मग पाचर मोडते कशाने? जुनं टर्बो इंजिन तेल खातं, आणि मालक दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिक काढूनही पाहत नाही. चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) तेल कमी असताना घाटातल्या वळणावर जोरात गाडी घातली की तेल एका बाजूला चढतं, पंपाची तोटी उघडी पडून हवा ओढते. हवा दाबली जाते, ती भार घेत नाही. दुसरं कारण गोव्यातल्या छोट्या फेऱ्या. घर ते बाजार, बाजार ते घर, चार-पाच किलोमीटर. तेल पुरतं तापतच नाही, त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ बाहेर पडत नाही. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा पांढरट थर दिसतो तो हाच. पेट्रोल मिसळलेल्या तेलाची श्यानता उतरते आणि सोमरफेल्डचा अंकही.

शनिवारी तेल आणि लोखंड विकत घेऊ नये म्हणून ऑइल बदलणं पुढे ढकलणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. रेनॉल्ड्सच्या समीकरणात वाराचं पद नाही. "इंजिन नवं करणाऱ्या" बाटल्यांची जाहिरात करणाऱ्यांवर मला जास्त राग येतो. ०.१ मिलिमीटर झालेली फट कुठल्याही द्रवाने ०.०५ होत नाही. तिथे ग्राइंडिंग मशीनच लागतं.

म्हणून इंजिनकाम म्हणजे फटी पूर्ववत करणं. क्रँक आधी मायक्रोमीटरने मोजायचा, प्रत्येक जर्नल निदान दोन दिशांनी, कारण मार खाल्लेला जर्नल लंबगोल होतो. मग चुंबकीय तपासणीत भेगा शोधायच्या. घासायचा झाला तर व्यास ०.२५ मिलिमीटर कमी करून ती उणीव भरून काढणारे जाड शेल घालतात. पण क्रँक नायट्राइड केलेला (नायट्रोजनने वरचा थर कठीण केलेला) असेल तर त्याचा कठीण थर मिलिमीटरचा काही दशांशच असतो. ग्राइंडिंगमध्ये तो गेला तर पुन्हा नायट्राइडिंग करावं लागतं. ट्रॉलरचे आणि खाणीच्या ट्रकांचे दणकट क्रँक घासण्यात आयुष्य घालवलेल्या मेस्त्रींना हे आवर्जून विचारावं. रॉडचं मोठं भोकही मोजायचं, तापलेला रॉड वाकडा होतो. रॉडचे बोल्ट नवेच. आवळताना ते मुद्दाम ताणले जातात, आणि पुष्कळ इंजिनांत ते एकदाच वापरण्याजोगे असतात. सिलिंडरचं होनिंग, रिंगांची फट, व्हॉल्व्ह हे ठरलेलं काम बहुतेक ठिकाणी बरं होतं.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते घाणीकडे. फुटलेल्या शेलचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे गेलेला असतो. ब्लॉकच्या तेलवाहिन्यांची बुचं काढून त्या ब्रशने धुवाव्या लागतात. ऑइल कूलर तर बदलावाच. त्याच्या पापुद्र्यांत अडकलेले कण धुऊन निघत नाहीत आणि दहा मायक्रॉनचा कण दोन मायक्रॉनच्या पाचरीला फाडतो. टर्बोही तेच तेल पितो, तोही उघडून पाहावा. दुरुस्त इंजिन लवकर पुन्हा वाजतं त्याच्या मागे पुष्कळदा हा न बदललेला कूलर असतो. मालकाने बिलाबरोबर प्रत्येक बेअरिंगच्या फटीचं माप लिहून मागावं. ज्याने मोजलं आहे तो लगेच देईल.

पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून स्टार्टरने नुसतं फिरवायचं, तेही तेलाचा दाब मापकावर दिसेपर्यंत. त्यानंतरच प्लग घालायचे. पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आत बदलावं आणि काढलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. चुंबकाला चिकटणारा थोडा बारीक भुगा बहुधा नव्या रिंगा सिलिंडरवर बसतानाचा, त्याची काळजी नको. न चिकटणाऱ्या चमकदार पापुद्र्या, विशेषतः तांबूस, दिसल्या तर गाडी हलवू नका, चेंबर तिथेच उघडा.