अधोमहानीला गाळणी

पायांतील किंवा ओटीपोटातील खोल नीलांमधून (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांमधून) सुटलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकू नये, म्हणून अधोमहानीलेत (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेत) बसवण्यात येणारे धातूचे साधन. रुग्णालयांत याला ‘आयव्हीसी फिल्टर’ म्हणतात. त्याची जागा सामान्यतः वृक्कनीलांच्या (मूत्रपिंडांतून येणाऱ्या नीलांच्या) लगेच खाली असते.

ही कल्पना मुळात कोणाची, याबद्दल एकमत नाही. अनेक लेखक फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांचे नाव (१८६८) घेतात. काही जण बोत्तीनी यांच्या नीलाबंधनापासून (१८९३) आरंभ मानतात. परंतु नीला बांधून टाकणे वेगळे आणि रक्त वाहते ठेवून गुठळी तेवढी अडवणे वेगळे. बंधनानंतर पायांची सूज मागे राहत असे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोबिन-उद्दीन यांनी गळ्यातील नीलेवाटे छत्रीच्या आकाराचे साधन आत नेले. या छत्रीच्या सिलिकोनच्या पडद्याला भोके होती, तरी पुष्कळदा ती महानीला बंदच पाडी. त्यामुळे खऱ्या अर्थाने पहिली गाळणी म्हणजे शल्यचिकित्सक लाझार ग्रीनफील्ड आणि तेलउद्योगातील अभियंते गार्मन किमेल यांचा सहा पायांचा शंकू (१९७३), हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शंकूचे टोक हृदयाकडे असते. गुठळ्या टोकाशी, मध्यभागी साचतात आणि रक्त कडेने वाहत राहते. शंकूची ७० टक्के उंची भरली, तरी अडलेला काटछेद ०.७ × ०.७, म्हणजे ४९ टक्केच असतो. सरळ नळीत हे साधले नसते. १९८४ पासून ही गाळणी शस्त्रक्रियेविना, त्वचेतून सुई घालून बसवता येऊ लागली.

रक्त पातळ ठेवणारी औषधे देता येत नाहीत, तेव्हा गाळणीचा विचार होतो. ती त्या औषधांना पर्याय म्हणून सरसकट वापरू नये. फ्रान्समधील ‘प्रेपिक’ चाचणीत (१९९८) सर्व ४०० रुग्णांना अशी औषधे दिली होती. बाराव्या दिवशी फुप्फुसातील गुठळीचे प्रमाण गाळणी असलेल्यांत १.१ टक्के, इतरांत ४.८ टक्के होते. मात्र दोन वर्षांत पायांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण २०.८ विरुद्ध ११.६ असे उलटले. मृत्यूंत फरक पडला नाही.

काढता येण्याजोग्या गाळण्या पुढे आल्या, पण त्या पुष्कळदा काढल्याच गेल्या नाहीत. गाळणीचे पाय तुटणे, तिने जागा सोडणे, नीलेची भिंत भेदणे असे उपद्रव नोंदले गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये याबाबत सावध केले. २०१४ मध्ये, धोका टळला असल्यास २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान गाळणी काढणे हितकर ठरते, असा अंदाज दिला.

ऊर्ध्वमहानीलेतही (शरीराच्या वरच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेतही) क्वचित गाळणी बसवतात.