अर्थ घडवायचा, की अर्थाविना जागं राहायचं? अस्तित्ववाद आणि असंगतवाद

सार्त्र आणि काम्यू या विसाव्या शतकातल्या फ्रेंच लेखक-विचारवंतांची नावं आपल्याकडे जोडीनंच घेतली जातात, त्यामुळे दोघांचं म्हणणंही एकच असेल असं वाटतं. काम्यूनं १९४५ च्या एका मुलाखतीत ‘मी अस्तित्ववादी नाही’ असं सरळ सांगून टाकलं होतं. तरी अस्तित्ववाद्यांच्या यादीत तो अजून असतोच.

सार्त्रच्या अस्तित्ववादाचं सूत्र आहे, अस्तित्व आधी, सत्त्व (एखादी गोष्ट काय आहे, कशासाठी आहे ते) नंतर. ते कळायला सोलापुरी चादर पुरते. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्यांना भोकं पाडली की मोर कुठं येणार, वेल कुठं वळणार हे पहिला धागा पडण्याआधीच ठरतं. (आता काही ठिकाणी हे संगणकावर होतं, पण ठरतं आधीच.) म्हणजे चादरीचं सत्त्व आधी. सार्त्रनं १९४५ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात यासाठी कागद कापायची सुरी घेतली होती. माणसाचं उलटं आहे. विणकाम सुरू झालेलं असतं आणि पुठ्ठे कुणी पाडलेलेच नसतात. निवडी करत करत ते आपणच पाडायचे.

युद्धकाळात एक विद्यार्थी सार्त्रकडे आला. आईजवळ राहू, की इंग्लंडला जाऊन फ्रेंच फौजेत दाखल होऊ? आईला एकटं टाकून पुण्याला जाणारी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरावी का, हा सोलापुरातल्या कितीतरी घरांतला पेच याच जातीचा. सार्त्रचं उत्तर होतं, तू स्वतंत्र आहेस, निवड. सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवतानाही निम्मी निवड झालेलीच असते, हेही त्यानं सुनावलं. परिस्थितीचं ओझं तो नाकारत नाही. पण ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ या बोलण्याला तो आत्मवंचना म्हणतो.

काम्यूचा, म्हणजे असंगतवादाचा, प्रश्न याच्या अलीकडचा आहे. सिसिफस म्हणजे ग्रीक पुराणातला, घरंगळून येणारा दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलायची शिक्षा झालेला राजा. त्याच्यावरच्या १९४२ च्या निबंधात काम्यू सांगतो की असंगती माणसात नाही आणि जगातही नाही. माणूस कारण मागतो, जग गप्प राहतं; या दोघांची गाठ पडते तिथं ती असते. एक बाजू काढली की गाठ सुटते. आत्महत्या माणसाला काढते. श्रद्धेची उडी जगाचं मौन बुजवते. काम्यू तिला तात्त्विक आत्महत्या म्हणतो. त्याचा रोख किर्केगार्द, यास्पर्स, शेस्तोव या विचारवंतांवर आहे. राहतं ते बंड: दोन्ही टोकं हातात धरून, डोळे उघडे ठेवून जगायचं.

सर्वाधिक घोळ सिसिफसचाच होतो. ‘कामात आनंद शोधा’ असल्या सुविचारांसाठी त्याला राबवलं जातं. काम्यूची नजर मात्र दगड ढकलणाऱ्या सिसिफसवर खिळत नाही; दगड घरंगळल्यावर रिकाम्या हातानं खाली उतरणाऱ्यावर खिळते, कारण तेव्हा त्याला सगळं कळत असतं. यंत्रमागावर बघा. आडव्या धाग्याची कांडी संपते, माग थांबतो, कामगार धोटा काढून नवी कांडी बसवतो, पुन्हा खडखडाट. काम्यूचा क्षण त्या थांबलेल्या मागापाशी आहे. सार्त्र तिथं विचारेल, या कामाचं तू काय करणार आहेस: सोडणार, की संघटना बांधणार? काम्यू म्हणेल, उद्या यातून अर्थ निघेल अशी स्वतःची समजूत घालू नकोस. दोघांनाही ‘सगळं व्यर्थ’ म्हणणाऱ्या शून्यवादात ढकलणं चूकच. ‘अस्तित्ववादी म्हणजे नास्तिक’ हेही टिकत नाही. अस्तित्ववादाचा आद्य पुरुष मानला जाणारा किर्केगार्द पक्का ख्रिस्ती होता.

दोघांच्या विचारांतल्या या फरकाचा पुरावा म्हणून त्यांच्या १९५२ च्या भांडणाकडे बोट दाखवलं जातं, ते मात्र लागू पडत नाही. काम्यूच्या बंडावरच्या १९५१ च्या पुस्तकावर सार्त्रच्या मासिकात झोंबणारं परीक्षण आलं आणि मैत्री तुटली. वाद पेटला तो क्रांतीसाठीची हिंसा आणि सोव्हिएत श्रमछावण्या यांवरून; जगण्याच्या अर्थावरून नव्हे.