हाक आणि ओ : परग्रहावरच्या मनाशी बोलायचं कोणी?

परग्रहावरच्या मनाच्या शोधाची सुरुवात १९६० पासून सांगायची रीत आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका रेडिओ दुर्बिणीने जवळच्या दोन ताऱ्यांकडे कान लावला. हाती काही लागलं नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्याच ग्रीन बँक या गावी या शोधासाठी झालेल्या बैठकीला डॉल्फिनच्या मेंदूवर काम करणारा एक संशोधक होता. परकं मन समजून घ्यायचं तर आधी आपल्याच समुद्रातलं घ्या, हा विचार जमलेल्यांना इतका भावला की त्यांनी आपल्या गटाला डॉल्फिनचंच नाव दिलं.

खरा पेच १९७४ चा. १६ नोव्हेंबरला प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून १,६७९ बिंदूंचा चित्रसंदेश एम-१३ या तारकागुच्छाकडे गेला. अंतर सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं. ब्रिटनच्या राजखगोलशास्त्रज्ञांनी लगेच हरकत घेतली : पलीकडे कोण आहे हे माहीत नसताना आपला पत्ता का सांगायचा? अंतर पाहता धोका नव्हता, असं म्हणतात. पण परवानगी कोणाची घेतली होती, हा प्रश्न अंतराने सुटत नाही.

आमच्या गडचिरोलीतल्या एका शाळेत मुलांनी चौकटीच्या वहीत २३ रकाने आणि ७३ ओळी आखून तो संदेश रंगवला. माणूस सगळ्यांनी ओळखला. तळाशी दुर्बीण आहे, तिला मात्र छत्री म्हणाले. माणसाने काढलेलं चित्र माणसालाच असं लागतं, तर दुसऱ्या मनाला काय लागेल?

१९८९ मध्ये शास्त्रज्ञांच्या संघटनांनी तत्त्वं ठरवली. संकेत सापडला तर जगाला सांगायचं आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत होईपर्यंत उत्तर पाठवायचं नाही. गुंता या 'उत्तर' शब्दात आहे. आपल्याकडे हाक मारणं वेगळं, ओ देणं वेगळं. १९८९ च्या तत्त्वांनी ओ अडवली. हाक मोकळीच राहिली. शिवाय हा कायदा नव्हे, आपसातला शब्द आहे. २०१० च्या सुधारित मसुद्यात संयुक्त राष्ट्रांसारख्या व्यापक प्रतिनिधित्व असलेल्या मंडळाचा उल्लेख आला, पण तोही उत्तरापुरताच. मधल्या काळात युक्रेनमधून १९९९ आणि २००३ मध्ये हाका गेल्या; २००८ मध्ये तर नॉर्वेतून चिप्सची जाहिरातसुद्धा गेली. २०१५ मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी आधी जगभर चर्चा करा, असं निवेदन काढलं. दोन वर्षांनी नॉर्वेतून आणखी एक हाक गेलीच.

हे वाचताना मला गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव आठवतं. तिथे अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कोणीही यावं, खोदून विचारावं, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने. एकाचं जरी मन राजी नसलं तरी बोलणं चालू राहतं. परग्रहाच्या बाबतीत अभ्यासगट साठ वर्षांहून जुना आहे, ग्रामसभा अजून भरलेली नाही. ज्याच्या हाती अँटेना, तोच सगळ्यांच्या वतीने बोलतो. हे मला मान्य नाही.

१९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. मराठी आहे, गोंडी नाही. नॉर्वेतून गेलेली हाक १२ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याकडे निघाली आहे; ती २०३० च्या सुमारास पोहोचेल. ओ आलीच, तर ती २०४२ च्या आत येणार नाही.