फुल मेटल जॅकेट म्हणजे सॉलिड नव्हे

हत्ती किंवा केप म्हशीच्या (आफ्रिकेतल्या रानम्हशीच्या) शिकारीसाठी कोणती गोळी, असा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतं: सॉलिड म्हणजे न पसरणारी गोळी, फुल मेटल जॅकेट, म्हणजे शिशाभोवती धातूचं आवरण असलेली लष्करी गोळी, तीही पसरत नाही, तेव्हा दोन्ही एकच. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा. आणि त्या चुकीचं मोल जखमी जनावर भरतं, नाहीतर त्याच्या मागावर झुडपात शिरणारी माणसं भरतात.

सॉफ्ट पॉइंट सगळ्यांना माहीत आहे. टोकाला शिसं उघडं असतं, अंगात शिरताच ते छत्रीसारखं पसरतं, जखम रुंद होते आणि खोली कमी होते. हरणासारख्या जनावराला ती उत्तम. त्यावर जास्त लिहीत नाही. काडतूस आणि गोळी यांतला गोंधळही एका वाक्यात संपतो: काडतुसात पितळी कोश, प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू आणि गोळी हे सगळं येतं, जनावरात जाते ती फक्त गोळी.

खरी अडचण पुढे आहे. सॉलिडचं काम ‘न पसरणं’ एवढंच नाही. तिचं काम आहे शेवटपर्यंत सरळ जाणं.

रायफलच्या नळीतल्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि त्या फिरण्यामुळेच हवेत ती टोक पुढे ठेवून जाते. पण मांस हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट असतं. तिथे तोच स्थिरपणा हवा तर गोळीला सुमारे २८ पट वेगाने फिरावं लागेल, आणि अशी नळी कुणी बनवत नाही. म्हणजे मांसात शिरल्यावर गोळीला फिरण्याचा आधार जवळजवळ उरत नाही. तिथून पुढे ती सरळ जाईल की नाही, हे मुख्यतः तिच्या आकारावर ठरतं.

लष्करी फुल मेटल जॅकेट गोळी अणकुचीदार असते, कारण ती लांब पल्ल्यावर हवा कापण्यासाठी बनवलेली असते. टोक निमुळतं, त्यामुळे वजनाचा मध्य मागे, बुडाकडे सरकलेला. मांसात शिरली की जड बूड पुढे यायला बघतं. ७.६२ नाटो, म्हणजे नाटो देशांच्या सैन्यांची ७.६२ मिलिमीटर रायफलची गोळी, जिलेटिनमध्ये (चाचणीसाठी मांसाऐवजी वापरतात त्या ठोकळ्यात) साधारण १५ सेंटीमीटर सरळ जाते, मग आडवी होते आणि शेवटी बूड पुढे करून थांबते. अमेरिकन लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी काढलेल्या जखमांच्या आकृत्यांमध्ये हे स्वच्छ दिसतं. आता हत्तीचं डोकं डोळ्यापुढे आणा. समोरून मेंदूपर्यंत पोचायला गोळीला पोकळ्यांनी भरलेल्या जाड हाडातून बरंच अंतर कापावं लागतं. वाटेतच आडवी झालेली गोळी नेमकी कुठे जाईल, हे नेम धरणाऱ्याच्या हातात राहत नाही.

सॉलिडची बांधणी याच्या उलट असते. टोक बोथट, बाजू लांबवर समांतर, आणि आवरण जाड पोलादाचं किंवा अख्खी गोळीच पितळ वा तांब्याच्या एका तुकड्याची. चपट्या टोकाची सॉलिड तर आणखी एक काम करते. टोकाच्या कडेपाशी मांस बाहेर फेकलं जातं आणि गोळीभोवती पोकळी तयार होते, म्हणून बाकीचं अंग मांसाला जेमतेम लागतं. गोळी कलली, की तिची बाजू त्या पोकळीच्या भिंतीवर आदळून पुन्हा रेषेत ढकलली जाते. गोल टोकालाही हे काही प्रमाणात साधतं, पण चपट्याइतकं नाही. मला विचाराल तर चपटंच घ्यावं, फक्त आपल्या रायफलच्या मॅगझिनमधून ते न अडकता चढतं की नाही हे आधी बरीच काडतुसं चढवून पाहावं.

यावर ‘पण ऊर्जा किती?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचा मला मनापासून कंटाळा आहे, कारण त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. वॉल्टर बेल या हत्तींच्या शिकाऱ्याने आयुष्यात हजाराहून जास्त हत्ती मारले आणि त्यांतले बरेच ७×५७ या ७ मिलिमीटरच्या लहान रायफलने. त्याची गोळी १७३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, एक ग्राममध्ये सुमारे साडेपंधरा), लांब, गोल टोकाची सॉलिड, वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर, ऊर्जा साधारण २,७५० ज्यूल. ७.६२ नाटोची १४७ ग्रेनची गोळी सुमारे ८५० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा जवळपास ३,४०० ज्यूल होते. आकड्यावर गेलं तर नाटो गोळी वरचढ. हत्तीच्या कवटीत मात्र भरवशाची बेलचीच, कारण ती जाडीच्या मानाने जड होती आणि टोक बोथट होतं.

बेलचं नाव घेऊन लहान रायफलीचं समर्थन करू नका. त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूची जागा अभ्यासली होती आणि तो नेम तिथेच धरायचा. सगळ्यांना ते जमत नाही, म्हणून धोकादायक जनावरांसाठी आफ्रिकेत .३७५ हा किमान बोअर (नळीचा आतला व्यास, इंचात) मानला जातो आणि काही देशांत तसा नियमच आहे. .३७५ एच अँड एच हे काडतूस १९१२ चं, त्याची नेहमीची गोळी ३०० ग्रेनची. .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ चं, गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमहून थोडी जास्त. पण जडपणा एकटा पुरत नाही. जुन्या पातळ आवरणाच्या ‘सॉलिड’ गोळ्या, वजन भरपूर असूनही, मोठ्या हाडावर वाकायच्या आणि फाटायच्या. वाकलेली गोळी वळते, मग ती कितीही ग्रेनची असो.

म्हशीवर पहिली गोळी चांगल्या बांधणीची सॉफ्ट आणि मागच्या सगळ्या सॉलिड, हा क्रम मला पटतो. पहिल्या गोळीच्या वेळी म्हैस बहुधा बाजूने उभी असते आणि कळपात असते. तिथे सॉलिड आरपार जाऊन मागच्या जनावराला लागू शकते. जखमी म्हैस मात्र पाठ फिरवून पळते किंवा थेट अंगावर येते. तेव्हा मागून पोटभर चारा आणि समोरून हाडं ओलांडून छातीपर्यंत पोचणारी गोळी लागते, आणि ती सॉलिडच असली पाहिजे. त्या जागी फुल मेटल जॅकेट भरू नका, खोक्यावर ‘न पसरणारी’ असं कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी.