तेल शोधणाऱ्या गणितातून आलेला सूर

गेल्या श्रावणात भाच्याने आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावी भजनाच्या बुवांकडून एक गवळण एकट्याच्या आवाजात गाऊन घेतली. साथीला मृदंग नाही, पेटी नाही. म्हापशाला आपल्या खोलीवर जाऊन त्याने तिच्यावर ऑटोट्यून, म्हणजे संगणकावर गाण्याचा सूर दुरुस्त करणारं साधन, चढवलं आणि पुढच्या एकादशीला देवळात बुवांना ऐकवली. बुवांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "आवाज माझाच रे. पण मी घाट उतरल्यासारखा खाली येतो, आणि हा जिना उतरतोय."

ऑटोट्यून नेमकं काय करतं, हे मी इतक्या थोडक्यात कुठेच वाचलेलं नाही. हा जिना जगभर पोचला तो १९९८ च्या ऑक्टोबरात, शेर या अमेरिकन गायिकेच्या 'बिलीव्ह' या सिंगलमधून. तेव्हा ती ५२ वर्षांची होती. गाणं जुळवायला बराच काळ गेला होता. ध्रुवपद चांगलं पण कडवी लंगडी, म्हणून ते हातोहात फिरलं आणि शेवटी त्याला सहा जणांची नावं गीतकार-संगीतकार म्हणून लागली. लंडनमधल्या एका छोट्या स्टुडिओत निर्माता मार्क टेलर तिच्या आवाजाशी खेळत असताना त्याच्या हाती हा चमत्कार लागला. रेकॉर्ड कंपनीला तो भाग काढून हवा होता. शेरने ठाम नकार दिला. ब्रिटनमध्ये गाणं ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्या वर्षीचं तिथलं सर्वाधिक खपाचं सिंगल ठरलं. निर्मात्यांना आपली युक्ती इतकी मोलाची वाटत होती, की एका ध्वनितंत्राच्या मासिकाला त्यांनी हा व्होकोडर प्रकारच्या, म्हणजे आवाज यांत्रिक करणाऱ्या, यंत्राचा परिणाम असल्याचं सांगितलं. खरं साधन वेगळंच होतं, आणि ते आलं होतं जमिनीखालच्या तेलाच्या शोधातून.

अँडी हिल्डेब्रँड हा भूकंपलहरींचा अभ्यासक. तेल शोधताना जमिनीत छोटा स्फोट करतात. त्याच्या लहरी खडकांच्या थरांवर आपटून परत येतात, वर ठेवलेली यंत्रं त्या टिपतात, आणि या गोंधळातून खाली काय दडलंय ते गणिताने काढायचं असतं. त्यासाठी वापरतात ती एक युक्ती म्हणजे स्वसहसंबंध. नाव अवघड आहे, कल्पना अगदी साधी. नक्षीच्या दोन सारख्या जाळ्या एकावर एक ठेवा आणि वरची हळूहळू सरकवत न्या. नक्षी जुळेनाशी होईल, आणि एका ठिकाणी पुन्हा तंतोतंत जुळेल. किती सरकवावं लागलं, तेवढं त्या नक्षीच्या एका घराचं माप. लहरीचंही तसंच. ती स्वतःच्याच नकलेवर सरकवायची; २.२७ सहस्रांश सेकंदाने जुळली, तर तो सूर सेकंदाला ४४० कंपनांचा.

एकदा जेवताना कुणीतरी गमतीने म्हणालं, मला सुरात गायला लावणारं यंत्र बनव की. हिल्डेब्रँडने ते मनावर घेतलं. अडचण एकच होती, प्रचंड आकडेमोड. त्याने ती अशी आटोपशीर केली की साध्या संगणकालाही गाता गाता सूर ओळखता यावा. १९९७ मध्ये ऑटोट्यून बाजारात आलं. हेतू अगदी सोज्वळ होता. गायकाचा किंचित घसरलेला सूर कुणाला न कळता जागेवर आणायचा.

त्यात एक खटका असतो. दुरुस्ती किती वेगाने करायची, ते त्यावर ठरतं. थोडा अवधी दिला तर सूर हळुवार जागेवर बसतो आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. टेलरने तो शून्यावर नेला. आता समजा गायिका ४४० वरून पुढच्या स्वराकडे, म्हणजे ४६६ कडे, मींड घेत, म्हणजे न तुटता सरकत, निघाली आहे. ४५२ पर्यंत पोचली तरी यंत्र तिला ४४० वरच धरून ठेवतं. ४५४ ला लागली, की क्षणात ४६६ वर फेकतं. मधली सगळी वाट पुसली जाते. बुवांना जाणवलेला जिना तो हाच.

लोकांना हे आवडलं कसं? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग अपेक्षेत आहे. गाणं ऐकताना मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकन लोकप्रियता यादीतल्या ७४५ गाण्यांतले सुमारे ८०,००० स्वरमेळ (एकाच वेळी वाजणारे स्वर, म्हणजे कॉर्ड) तपासले, आणि शब्द व चाल काढून टाकून नुसते स्वरमेळ लोकांना ऐकवले. ऐकणाऱ्याची पुढच्याबद्दल खात्री झालेली असताना अनपेक्षित काही आलं, की आनंद जास्त. आणि त्याला काहीच अंदाज नसताना ओळखीचं काही आलं, तरीही जास्त. मानवी गळा कसा वळतो, याची आपली खात्री तर जन्मभराची असते. त्या खात्रीला शेरच्या आवाजाने एकदम धक्का दिला, तोही बाकी सगळं ओळखीच्या नाचऱ्या ठेक्यात असताना. स्वरमेळांवरचा निष्कर्ष मी इथे आवाजाच्या पोताला लावतो आहे, हा माझा तर्क; पण तो मला पटतो.

मग मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये दाखवलेली गोष्ट कामाला लागते. जे पुन्हा पुन्हा समोर येतं, ते नुसतं येण्यानेच आवडू लागतं. रेडिओचं सारं बळ यात आहे.

तरी हिट गाणं आधी ओळखता येत नाही. २००६ मध्ये सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी १४ हजारांवर लोकांना अपरिचित बँडची ४८ गाणी दिली. एका गटाला फक्त गाणी मिळाली. बाकीचे लोक आठ वेगवेगळ्या 'जगां'त विभागले होते, आणि आपल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं (डाउनलोड केलं), ते त्यांना दिसत होतं. पहिल्या गटात २६ वं आलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं, दुसऱ्यात ४० वं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला जात नव्हती, अगदी वाईट सहसा वर येत नव्हती. मधल्या साऱ्यांचं नशीब आधीच्या मूठभर ऐकणाऱ्यांच्या हातात होतं. 'बिलीव्ह' दुसऱ्या कुठल्या जगात चाललं असतं का, हा प्रश्न मला छळतो. ते जग आपल्याला कधीच पाहता येणार नाही.

बुवांच्या तक्रारीने मला मात्र वेगळीच आठवण झाली. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. कारण हेच: पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी, मधली मींड नाही. हे निर्बंध १९७१ पासून सैल होत गेले. दरम्यान पेटी आमच्या भजनांत, नाटकांत, जत्रेच्या रंगमंचावर इतकी मुरली, की तिच्याशिवाय गवळण सुरू होईल असं आज कुणाला वाटत नाही. आमच्याच बोरीचे पं. तुळशीदास बोरकर याच वाद्यासाठी पद्मश्रीपर्यंत पोचले. पेटीला मींड येत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. वादकाने भात्याच्या दाबाने आणि झटपट बोटांनी मींडेचा भास उभा करायचा, तीच तर तिची विद्या.

हे मी भाच्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. रात्री त्याने खटका शून्यावरून बराच पुढे नेला, गवळणीतल्या मींडा मोकळ्या सोडल्या आणि फक्त ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीवर तो पुन्हा शून्यावर आणला. दुसऱ्या दिवशी बुवांना ऐकवलं. शेवटची ओळ आली तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पेटीच्या भात्यावर हात ठेवून त्यांनी ती जागा पट्ट्यांवर वाजवून पाहिली, दोनदा, आणि म्हणाले, "परत लाव, शेवटची ओळ."