इथे राजकारण नको!

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणूक लागली की ॲडमिनचा ठरलेला फतवा येतो : 'राजकारण आणि धर्म यांवर पोस्ट नकोत. पाणी, पार्किंग, लिफ्ट एवढंच बोला.' त्यावर एक काका हमखास हळहळतात, पूर्वी पुण्यात मतभेद असले तरी लोक किती सभ्यपणे बोलायचे! काकांबद्दल आदर आहे. पण हे 'पूर्वी' नेमकं कधी, ते शोधायला गेलं की पंचाईत होते.

१८७५ हेच साल घ्या. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती याच वर्षी. कुणी तासभर बोलावं आणि न पटणाऱ्यांनीही ऐकून घ्यावं, ही सवय तिने पुण्याला लावली. आणि याच वर्षी रानड्यांच्या पुढाकाराने आर्य समाजाचे संस्थापक, वेदांना प्रमाण मानणारे दयानंद सरस्वती यांची व्याख्यानं झाली. शेवटी त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी उत्तर म्हणून गाढवाची मिरवणूक काढली. त्याला नाव दिलं 'गर्दभानंद'. चिखलफेकही झाली, अगदी शब्दशः. दयानंदांच्या पाठीशी जोतीराव फुले आपले सोबती घेऊन उभे राहिले. वेदांचं प्रामाण्य जोतीरावांना कधीच मान्य नव्हतं. तरीही ते गेले.

टिळक-आगरकरांची गोष्ट आपण शाळेत 'आधी राजकीय की आधी सामाजिक' एवढ्यावर आटोपतो. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आगरकर १८८७ पर्यंत 'केसरी'चे संपादक होते. मग मतं इतकी फाटली की १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या (मुलींशी शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा वाढवणाऱ्या) कायद्यावरून दोघांनी एकमेकांवर जे लिहिलं, ते आजच्या ग्रुपवर पडलं असतं तर ॲडमिनने दोघांनाही काढून टाकलं असतं. सनातन्यांनी तर आगरकरांची त्यांच्या हयातीतच प्रेतयात्रा काढली. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी.

तेव्हाची खरी भीती वादाची नव्हतीच, वाळीत पडण्याची होती. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. ख्रिस्त्यांकडचं खाणंपिणं तेव्हा धर्मबाह्य मानत; कुणी घेतली, कुणी शिवली नाहीत. नंतर 'पुणे वैभव' या वृत्तपत्राने हजर असलेल्यांची नावंच छापली. त्या यादीत रानडे होते आणि टिळकही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ग्रामण्य, म्हणजे हा जातीचा बहिष्कार, पडला की घरच्या श्राद्धाला भटजी मिळणार नाही, मुलीच्या लग्नाला पंगत बसणार नाही. एका कपापायी! (स्क्रीनशॉट फिरवायची हौस जुनीच म्हणायची.)

आपल्या जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत : सत्य शोधायला तो वाद, जिंकायला तो जल्प, स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडायची ती वितंडा. मराठीने यातला 'वाद' भांडणाला देऊन टाकला, 'वितंडवाद' हाताशी ठेवला आणि 'जल्प' विसरून गेली. जल्पच तर आपण दिवसभर करतो.

या सगळ्यात मला सर्वांत धाडसी वाटतं ते जोतीरावांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये छापलं गेलं. त्यात एक कुटुंब आहे. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी. कुणी कुणाच्या धर्माचा द्वेष करायचा नाही. चौघं एकाच छपराखाली! पुण्यात लिहिलेलं हे वाक्य पुण्यातल्या एखाद्या घरात आजही मोठ्याने वाचून पाहावं.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, तेव्हा नावातला 'सत्यशोधक' जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाकडूनच आला. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो ओंकारेश्वराजवळचा पूल. त्या पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं. वेगवेगळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला ते ऑक्सफर्डला गेले होते.